भुऱ्याच्या पेजेचा गंज

मी एक गंज बोलतोय. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे हो. पुण्या-मुंबईकडे ज्याला पातेलं म्हणतात, त्याला आमच्या नागपूरकडे गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. जर्मनीशी माझा काडीचाही संबंध नाही, पण नाव पडलं ते पडलं. माझ्या पोटात तीनेक लिटर मावतं, काठ एका बाजूने चेपलेला आहे आणि बूड कायमचं काळं झालंय. माझी कहाणी सांगताना मला लाज वाटणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गोल चकती साच्यावर दाबली, काठ वळवला, झालो मी तयार. तिथून सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एका भांडेवाल्याकडे आलो. जयवंताबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिलं, उन्हाकडे धरून कुठे भोक आहे का ते पाहिलं, उपडा केला, सुलटा केला, शेजारणीला दाखवला. माणसं भांडं घेताना एवढी पारख करतात, आणि घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी करपवतात. माझंही तेच झालं.

जयवंताबाईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांचे यजमान देवराव बुटीबोरीला सूतगिरणीत होते. मूळचे उमरेडकडच्या शेतकरी घरातले, त्यामुळे शहरात तीस वर्षं काढूनही बोलणं आणि हट्ट गावचाच. जयवंताबाई माझ्यात रविवारचा रस्सा करायच्या. तेल तापलं की आधी कांदा पडायचा, आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्या वासावरच एक भुरकट पिल्लू फाटकाशी येऊन बसलं आणि घरचंच झालं. तोच भुऱ्या.

जयवंताबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. मुलगा धर्मेंद्र आणि सून दीक्षा त्याच घरात राहतात. दीक्षाने स्टीलची नवी भांडी आणली आणि मी माळ्यावर गेलो. पुढे भुऱ्यासाठी वेगळं काही शिजवायची वेळ आली तेव्हा मला खाली काढलं. मी ‘कुत्र्याचा गंज’ झालो. मला घासायचा चोथा वेगळा, टांगायचा खिळा वेगळा, तोही मोरीच्या बाहेर. पाहुणे आले की मला झाकून ठेवत. याहून मोठी लाज आयुष्यात यायची नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. किती भोळा होतो.

भुऱ्या तेरा वर्षांचा झाला होता. खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले होते, कातडी लाल झाली होती. दिवसभर धापा टाकायचा. गोधडी अंथरली तरी उठून मोरीजवळच्या थंड फरशीवर जाऊन पडायचा आणि उठताना मागचे पाय ओढायचा. औषधाने पंधरा दिवस बरं वाटे, की पुन्हा तेच. शेवटी दीक्षा त्याला रिक्षात घालून धरमपेठेत डॉक्टर भैरवींकडे घेऊन गेली. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं ते मी खिळ्यावरून ऐकलं. डॉक्टरांनी म्हणे आधी त्याची जीभ पाहिली. मग तो कुठे झोपतो, पाणी किती पितो, ऊन सोसतं का, असं विचारत बसल्या. औषधं तर लिहून दिलीच, पण सोबत जेवणाचा एक कागदही दिला. चिनी लोकांचा जुना विचार आहे की म्हाताऱ्या जनावराचं दुखणं त्याच्या ताटातूनही हलकं करता येतं. भुऱ्याच्या अंगात उष्णता माजलीय, म्हणून कोंबडी आणि मटण बंद. जव, मूग, दुधी, काकडी, थोडा रोहू मासा, हे सगळं मंद आचेवर पार गळून जाईपर्यंत शिजवून पेज करायची. कागदाच्या खाली लाल शाईने लिहिलं होतं की कांदा, लसूण, द्राक्षं कधीच द्यायची नाहीत आणि आपल्या मनाने काही घालायचं नाही. दीक्षाने ती ओळ दोनदा वाचली, कारण देवरावांचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नव्हता.

देवरावांना चायनीज म्हणजे चौकातल्या गाडीवरच्या नूडल्स एवढंच ठाऊक. ते हसत सुटले. उष्ण काय, थंड काय, हे आमच्या मायनंच शिकवलं होतं, त्यासाठी चीनले जा लागते का, म्हणाले. दीक्षाने मला खिळ्यावरून काढलं, जव भिजत घातले.

पण दीक्षाला दहाला पतसंस्थेत पोचायचं असतं, आणि पेज शिजायला दीड तास लागतो. आठवडाभरात माझा ताबा देवरावांकडे आला. आधी कुरकुरत ढवळायचे, मग मन लावून ढवळायला लागले. दुधी कोवळा की निबर ते नख लावून पाहायचे, माशाचा काटा काटा वेचायचे. निवृत्तीनंतर त्या हातांना पहिल्यांदाच नेमाचं काम मिळालं होतं. आणि गंमत पाहा, महिना-दीड महिन्यात भुऱ्याची खाज थांबली. पाठीवर लव आली. तो जिना चढून गच्चीवर जायला लागला.

मग काय विचारता. देवराव गल्लीचे वैद्य झाले. चहावाल्याला जीभ बाहेर काढायला लावायचे आणि तुझ्यात उष्णता आहे गा, असं बजावायचे. कुणाची शेळी दिसली तरी वाकून तिच्या तोंडाकडे बघायचे. समोरच्या घरात मनोहरराव राहायचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. बायको नाही, मुलगी चारुशीला हैदराबादला. घरात ते आणि त्यांची राणी, पांढरी, झुबकेदार, चौदा वर्षांची छोटीशी कुत्री. तिलाही धाप लागायची. देवराव म्हणाले, मूठभर जव जास्त टाकतो, त्यात काय. तेव्हापासून रोज अकराला ते मला फडक्यात धरून रस्ता ओलांडायचे आणि राणीच्या वाटीत पेज ओतायचे. मनोहरराव दारात वाट पाहत उभे असायचे. खिळ्यावर झाकून ठेवलेला मी आता दोन घरांना हवा होतो. मला फार अभिमान वाटायचा.

मे महिना आला आणि नवतपा लागला. ज्यांनी नागपूरचे ते नऊ दिवस पाहिलेत त्यांना काय सांगायचं. नळाचं पाणी हात भाजायचं, कूलरही गरम वाफच फेकायचा. भुऱ्या पुन्हा धापा टाकायला लागला. देवरावांना ते बघवेना. लहानपणापासून ते खिशात कांदा ठेवल्याशिवाय उन्हात निघालेले नाहीत. ऊन लागलं तर कांदा किसून तळपायाला चोळायचा, जेवताना कच्चा खायचा, हे आमच्याकडे पोरासोरालाही ठाऊक असतं. मग त्यांच्या मनाने हिशेब मांडला की पेज थंड, कांदाही थंड, दोन्ही मिळून दुप्पट थंड. लाल शाईची ओळ त्यांना आठवली नाही असं नाही. आठवली. माझ्याकडेच बघत ते म्हणाले, “थ्या चिन्यायले काय मालूम आपलं ऊन?” आणि त्यांनी दोन कांदे किसून माझ्यात टाकले.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. मला आनंद झाला. चार वर्षांनी माझ्या पोटात कांदा पडला होता. मला जयवंताबाईंचा रविवार आठवला, आणि मी तो वास उडू न देता धरून ठेवला. भांड्याला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण दीक्षाने ती ओळ दोनदा वाचली होती आणि मी दोन्ही वेळा ऐकली होती.

संध्याकाळी दीक्षाने विचारलं, गंजाला कांद्याचा वास काहून येऊन राहिला. देवराव म्हणाले, माझ्यासाठी चिरला होता. तिने मान हलवली आणि पुढच्या कामाला लागली. दुसऱ्या दिवसापासून देवराव मला चिंच लावून घासायला लागले.

असे नऊ दिवस गेले. रोज दोन कांदे. आठव्या दिवशी राणी उलट्या करून निपचित पडली आणि नवव्या दिवशी सकाळी गेली. ऊन लागलं, सगळी गल्ली म्हणाली. देवराव समोर जाऊन मनोहररावांजवळ तासभर बसून आले. घरी येऊन सांगत होते की मनोहररावांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, तुमच्याकडून काही कमी पडलं नाही. हे सांगताना देवरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोवर त्यांनाही ते ऊनच वाटत होतं.

त्यानंतर तीन दिवसांनी भुऱ्या उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, लघवी कोऱ्या चहासारखी. दीक्षाने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण दीक्षाचं उत्तर स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं. “कांदा? नाही मॅडम, कांदा तर आम्ही टाकतच नाही. काहून, कांद्यानं काय होते?” मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. फोन ठेवून तिने देवरावांना सांगितलं की कांद्याने कुत्र्याचं रक्त आतल्या आत फुटतं, लहान कुत्रं तर चार-आठ दिवसांत जातं. आणि भुऱ्याला ताबडतोब आणायला सांगितलंय, तो जे खातो तेही भांड्यासकट.

ती रिक्षा बघायला गेली. देवराव माझ्यासमोर उभे राहिले. माझ्यात त्या सकाळची पेज होती, कांदा घातलेली. नऊ दिवसांचा नवतपा संपला होता तरी हाताची सवय सुटली नव्हती. त्यांनी ती मोरीत ओतली. मला राखेने घासलं, मग साबणाने, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने. काल कांदा पडण्याआधी वेगळा काढून ठेवलेला शिजवलेला जव आणि मूग माझ्यात घालून गरम केला आणि झाकण ठेवलं. त्या दिवशी मी रिक्षात बसून धरमपेठेला गेलो तो खोटी साक्ष द्यायला.

डॉक्टर भैरवींनी झाकण काढलं, वास घेतला, चमच्याने पेज हलवून पाहिली. भुऱ्याचं रक्त काढून तपासलं. मग देवरावांना समोर बसवून सावकाश समजावलं की रक्ताच्या पेशी फुटताहेत, त्याची मुख्य दोनच कारणं दिसतात. एक तर कांदा-लसूण पोटात गेलाय, नाहीतर गोचिडांचा ताप आहे. गोचिडाचं औषध वेगळं असतं आणि या वयाला ते फार जड जातं, म्हणून अंदाजाने द्यायची इच्छा नाही. “काका, थोडासाही कांदा गेला असेल तर सांगा. मी रागावणार नाही.”

“नाही,” देवराव म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. देवराव फरशीकडे पाहत पुन्हा नाही म्हणाले, आणि वर म्हणाले, सकाळी कधी कधी सूनही बनवते. दीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं.

हा माणूस भित्रा नाही. गिरणीत यंत्रात अडकलेला दुसऱ्याचा हात सोडवताना स्वतःचं बोट गमावलेला माणूस आहे. पण त्या एका ‘हो’मध्ये नुसता भुऱ्या नव्हता, राणीही होती. हो म्हटलं की समोरच्या घरातली ती सकाळ त्यांच्या नावावर चढत होती. म्हणून त्यांची जीभ वळली नाही, आणि मी टेबलावर चकाकत बसलो.

गोचिडाचं औषध सुरू झालं. तीन दिवस भुऱ्या ते गिळायचा आणि ओकायचा. चौथ्या दिवशी, रविवारी, दीक्षा मला घासता घासता थांबली. बाहेर देवराव चहाचा कप घेऊन बसले होते, चहा थंड झाला होता. ती हात पुसत त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, “मामाजी, माझ्याच हातानं झालं असन. सकाळच्या घाईत भाजीची पळी मीच या गंजात घातली असन. मले आठवून नाही राहिलं, पण झालं असन. मी मॅडमले सांगून देते.” देवरावांनी कप खाली ठेवला. अजूनही बोलले नाहीत! मला वाटलं, मी त्या ओट्यावरून खाली पडावं, निदान आवाज तरी होईल. पण भांडं आपणहून पडत नाही.

भुऱ्याला आणि पेजेच्या भांड्याला, म्हणजे मला, घेऊन ती दवाखान्यात गेली, देवरावही सोबत आले, आणि तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पळी, घाई, भाजी. डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. दीक्षाच्या नावावर ते कागदावर चढलंच असतं.

“नाही मॅडम,” देवराव म्हणाले. “तिनं नाही. कांदा म्या टाकला. रोज दोन.”

पेन थांबलं. दीक्षाने मागे वळून पाहिलं नाही, भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टर एवढंच म्हणाल्या की हे तीन दिवस आधी हवं होतं. रागावणार नाही म्हणाल्या होत्या, त्या शब्दाला जागल्या. देवराव मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, कुणीतरी रागवावं अशी आस लावून.

औषध बदललं, सलाइन लागलं. आठवड्याने भुऱ्याच्या हिरड्यांना रंग आला. त्या रविवारी परतीच्या रिक्षात दीक्षाने एकच प्रश्न विचारला होता. “राणीलेही हेच जात होतं ना, मामाजी?” देवराव हो म्हणाले. काय करायचं ते तिने सांगितलं नाही आणि त्यांना ते कळत नव्हतं असंही नाही.

रोज अकराला देवराव फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. समोरून मनोहरराव हाक मारायचे, भुऱ्या कसा आहे विचारायचे. आपल्या फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून पाठवायचे. एक दिवस त्यांनी राणीची गादी पाठवली. धुऊन, उन्हात वाळवून. चिठ्ठीत लिहिलं होतं की राणीला आता लागत नाही, भुऱ्याचे पाय दुखतात तर त्याला मऊ होईल. देवरावांनी ती गादी भुऱ्याला दिली नाही. कितीतरी वेळ ती मांडीवर घेऊन बसले. मग उठले, मला खिळ्यावरून काढलं आणि रस्ता ओलांडला. मी रिकामा होतो. मला का नेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मनोहररावांनी दार उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा जरा उजळला आणि लगेच त्यांना आठवलं की राणी नाही. बसा म्हणाले. देवराव बसले नाहीत. मला जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, “मनोहरराव, राणीले ऊन नव्हतं लागलं.” मग सगळं सांगितलं. लाल शाईची ओळ, दोन कांदे, नऊ दिवस, दवाखान्यातलं ते ‘नाही’, सगळं. एकही शब्द सोडला नाही, एकही सबब पुढे केली नाही. मी ऐकत होतो आणि मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. वाटलं, आता हे ओझं उतरेल.

मनोहरराव माझ्या तळाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, “तिले नव्हती पाहिजे, भाऊ. वास घेऊन तोंड फिरवत होती. मी मांडीवर घेऊन चमच्यानं भरवली. म्हटलं, देवरावनं येवढ्या उन्हात आणली, वाया नको जायले.”

देवरावांनी काय काय ऐकायची तयारी केली होती. शिव्या, रडणं, दार लावून घेणं. हे त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि ते मागे न पाहता रस्ता ओलांडून गेले. मला उचलायचं विसरले.

तेव्हापासून मी इथेच आहे, मनोहररावांच्या पडवीत, भिंतीला टेकून. भुऱ्याची पेज आता दीक्षा स्टीलच्या भांड्यात करते, कागदात लिहिलंय तेवढंच घालून. तो बरा आहे, कधी कधी फाटकात येऊन या बाजूला हुंगतो. देवराव मला न्यायला आलेले नाहीत आणि मनोहररावांनी मला परत पाठवलेलं नाही. काल त्यांनी मला उचललं, पडवीच्या पायरीपर्यंत नेलं. समोर देवराव उभे होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मग मनोहररावांनी मला पुन्हा होतो तिथे ठेवलं.

तुम्ही माणसं जीव लावता आणि भरवता, हे मी आयुष्यभर पाहिलंय. भरवा. पण ज्याला बोलता येत नाही, त्याने तोंड फिरवलं तर चमचा खाली ठेवा. आणि हातून चुकलंच, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. देवरावांनी सांगितलं, पण उशिरा; पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर राणीसाठी तो चमचा उचललाच गेला नसता. ऐकणाऱ्याला तोवर आपला चमचा आठवला नव्हता. आता तो रोज आठवतो. मी समोरच असतो ना.